कर्नल गेल्यानंतरचा नाताळ

आमच्या क्रेन्स मिल गावात हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण हायरम क्रॅबट्रीचं नाव निघालं की बाकीचे हट्टी लोक आपण होऊन एक पाऊल मागे सरत. त्याचं खिळे, दोरखंड आणि कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान माझ्या खानावळीच्या अगदी समोर. तो तिथून माझ्याकडे बघायचा, मी इथून त्याच्याकडे, आणि अशी आमची अर्धी हयात गेली. एकदा लग्नाचं त्याच्या मनात होतं. मला विचारायला तो दोनदा रस्ता ओलांडून आला आणि दोन्ही वेळा कॉफी पिऊन परत गेला. आधी बोलायचं म्हणजे त्याला हार वाटायची. मग मी दुसऱ्याशी लग्न केलं, तोही आता वर गेला, आणि हायरम अजून कॉफी प्यायला येत होता.

गिरणीच्या चढावर त्याच्या आईचं घर होतं. तिथं हायरम आणि त्याचा धाकटा भाऊ ओडेल राहत. दोघंही बिनलग्नाचे. ओडेल सुतारकाम करायचा. सकाळचा स्वयंपाक हायरमचा, भांडी ओडेलची, अंगणातली लाकडं ओडेल फोडणार आणि ती आत हायरम आणणार. गावात अशी शिस्त दुसऱ्या घरात नव्हती. फक्त एवढंच, की दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण एक संत्रं.

नाताळच्या सकाळी आमच्याकडे जो आधी 'नाताळभेट!' असं ओरडेल त्याला समोरच्यानं काहीतरी द्यायचं असतं. मूठभर अक्रोड, पेपरमिंटची कांडी, जे काही हाताशी असेल ते. नाही म्हणता येत नाही. बारा वाजेपर्यंत हा खेळ चालतो, आणि तोवर भलेभले लोक झाडामागे लपून बसतात. त्या वर्षी हायरम लाकडं घेऊन पुढच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला आणि ओडेल दुधाची बादली घेऊन मागच्या दारानं. दोघं एकदमच ओरडले. आई टेबलापाशी कणीक मळत होती. टेबलावर एकच संत्रं होतं.

"आई, आधी कोण?" हायरमनं विचारलं.

"आई, तू ऐकलंस. सांग त्याला," ओडेल म्हणाला.

"ऐकलंय मी," म्हातारी म्हणाली, "पण सांगणार नाही. हात धुवा आणि जेवायला बसा."

तिला वाटलं असणार, दोन दिवसांत विसरतील. फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. शेवटच्या दिवशी दोघं पोरं उशाशी वाकून बसली होती. तिनं डोळे उघडले, दोघांकडे पाहिलं, "दार लावा रे, गार वारा येतोय," म्हणाली आणि गेली. दफन झालं, लोक जेवून घरी गेले, आणि त्या संध्याकाळपासून दोघांनी तोंडं मिटली. समोरच्यानं आधी बोलावं आणि चूक कबूल करावी, असं दोघांचंही म्हणणं. ते संत्रं शेगडीवरच्या फळीवर पडून राहिलं आणि वाळून अक्रोडाएवढं झालं.

आमच्या पाद्रीबुवांनी एकदा त्यांच्यासाठी खास बायबलातल्या काईन आणि हाबेल या वैरी भावांवर प्रवचन केलं. बाकाच्या एका टोकाला हायरम, दुसऱ्या टोकाला ओडेल. दोघंही सबंध प्रवचनभर मान डोलावत होते. बाहेर पडताना हायरम पाद्रीबुवांना म्हणाला, "फार छान बोललात, त्याला नेमकं लागलं असेल." ओडेलही तेच म्हणाला. पाद्रीबुवांनी पुन्हा त्या वाटेला जायचं सोडून दिलं.

आता एका घरात राहायचं तर मीठ संपतं, छप्पर गळतं, बोलणं भाग पडतं. त्यासाठी कर्नल होता. कर्नल म्हणजे त्यांचा शिकारी कुत्रा, लांब कानांचा, स्वभावानं अत्यंत सोशिक. दोघं जे काही बोलायचे ते कर्नलशी.

"कर्नल, त्या माणसाला सांग, मीठ आणायचंय."

"कर्नल, त्याला म्हणावं, काल आणलंय. डबा उघडून बघायचे कष्ट घ्यावेत."

"कर्नल, त्याला म्हणावं, डब्यात साखर आहे. जीभ असलेल्या माणसाला कळतं."

कर्नल इकडे बघायचा, तिकडे बघायचा. मी एकदा त्यांच्याकडे हॅम घेऊन गेले होते तेव्हा हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुत्र्याची मला दया आली. त्यांनी पुढे टीव्हीही घेतला. एकाच कोचावर, मध्ये कर्नल, असे बसून ते विनोदी कार्यक्रम बघायचे. एक हसला की दुसरा तोंड घट्ट मिटायचा, मग पुढच्या विनोदाला दुसऱ्याची पाळी.

हायरमचं एक मात्र सांगायला हवं. नाताळच्या खेळात त्याला गावात कोणी हरवलं नव्हतं. पाद्रीबुवांना त्यानं प्रार्थनेसाठी डोळे मिटलेले असताना गाठलं होतं. शेरीफला गोठ्याच्या छपरावरून. मला तर पहाटे मागच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून. मी किटली हातातून टाकली आणि वर पेकनचे दाणे घातलेला अख्खा केक द्यावा लागला. बारा वाजता तो पोतं भरून घरी जायचा, सगळं टेबलावर ओतायचा आणि पाठ फिरवायचा. मग ओडेल खात बसायचा. ओडेलला अक्रोड फार आवडत. हायरमच्या तोंडात अक्रोड फोडण्याजोगा एकही दात शिल्लक नव्हता.

ओडेल त्या सकाळी घरात नसायचाच. तो पहाटे मागच्या दारानं, डोक्यावरून घोंगडी घेऊन नदीकडे जायचा आणि दुपारी परतायचा. समोरासमोर आले तर कोणीतरी ओरडणार, आणि ओरडणं म्हणजे बोलणंच की. अकरा नाताळ दोघांनी हे न बोलता पाळलं. ठरवून ठेवलेल्या गोष्टीसुद्धा लोक इतक्या नीट पाळत नाहीत.

मी सांगते त्या वर्षी नोव्हेंबरात कर्नल मेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. सफरचंदाच्या झाडाखाली दोघांनी खड्डा खणला, एकानं डोक्याकडून, एकानं पायांकडून. मधोमध फावडी एकमेकांना लागली तेव्हा दोघं थांबले, आणि पुन्हा खणायला लागले.

त्यानंतर त्या घरात काही राहिलं नाही. त्यांनी मांजराशी बोलून पाहिलं असं ओडेलनं मला सांगितलं. पण मांजर ऐकून घेत नाही, वाक्य पुरं व्हायच्या आत उठून जातं. मीठ संपलं ते संपलंच. टीव्ही चालू असायचा आणि कोणीच हसायचं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर ओडेल माझ्याकडे आला. बसची तिकिटं माझ्याच काउंटरवर मिळत, बस माझ्याच दारात थांबे. टोपी काढून उभा राहिला.

"ओलेटाबाई, डेटनचं एक तिकीट द्या. सव्वीस तारखेचं."

"परतीचं?"

"नाही. भाच्यानं कारखान्यात पहारेकऱ्याचं काम बघितलंय. खोली पण आहे."

"ओडेल, वय काय तुझं? या वयात डेटनला जाऊन काय करणार?"

"पहारा," तो म्हणाला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "घरात आवाज नाही हो, बाई. रात्री मी उठून घड्याळाला किल्ली देतो, टिकटिक तरी ऐकू यावी म्हणून. तिकडे निदान यंत्रं असतील."

मी तिकीट फाडून दिलं. दुसरं काय करणार? पण त्याचं जाकीट कोपरावर फाटलेलं होतं आणि हायरमनं ते दोऱ्यानं नीट शिवलेलं होतं. हायरमचा टाका मी ओळखते, तो पोतं शिवल्यासारखा घालतो. मला इतका राग आला की दुपारच्या गर्दीत खानावळ तशीच टाकून मी रस्ता ओलांडला.

हायरम खिळे तोलत होता.

"ओडेल चाललाय," मी म्हणाले. "डेटनला. कायमचा."

त्यानं तराजूकडेच बघत म्हटलं, "मला तर त्यानं काही सांगितलं नाही."

"कसं सांगणार? कुत्रा मेलाय."

त्यानं एक खिळा काढला, एक घातला.

"अरे, त्याला थांब म्हण की! एक शब्द आहे, मेल्या. जीभ झडणार आहे का तुझी?"

"मी आधी बोललो तर मी हरलो असं होतं, ओलेटा. आईच्या घरात मी खोटा ठरतो. मी आधी ओरडलो होतो. देवाशपथ."

"संत्र्यासाठी?"

"संत्र्याचं कोण बोलतंय!" तो म्हणाला. खिळे तोलायचं त्यानं सोडून दिलं. "मी सकाळी ताकातले पाव करतो ना, त्यांना ठरावीक पीठ लागतं, हाताचा अंदाज लागतो. मला एका माणसापुरते येत नाहीत गं. कधी केलेच नाहीत. सव्वीस तारखेनंतर उरलेल्यांचं काय करू?"

"कोंबड्यांना घाल," मी म्हणाले आणि निघून आले. घरी येऊन मी रडले, ते त्याला कळायचं काही कारण नव्हतं.

ओडेलनं मला कोणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. पाद्रीबुवा म्हणाले, "प्रार्थना करू या." शेरीफ म्हणाला, "दोघांना एका कोठडीत टाकू का?" पण अकरा वर्षं ते एका घरात गप्प बसले होते, कोठडीनं काय होणार? हायरम रोज दुकान उघडायचा, बंद करायचा. नाताळच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या घरातून एक शब्द बाहेर आला नाही.

नाताळच्या सकाळी मी पडदा सारला तर माझ्या दारासमोरच्या बाकावर ओडेल बसलेला. कोट, टोपी, पायांशी त्याची तपकिरी पुठ्ठ्याची बॅग. बारीक गारा पडत होत्या. मी शाल गुंडाळून बाहेर गेले, आणि आधी ओरडायला विसरले नाही. "नाताळभेट!"

त्यानं खिशातून अक्रोड काढून माझ्या हातावर ठेवले.

"ओडेल, तुझं तिकीट उद्याचं आहे. मीच फाडलंय. आणि नाताळच्या दिवशी आपल्याकडे बस येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

"बसलोय," तो म्हणाला.

मी परत आत येऊन कॉफी ठेवली आणि ती उकळून बाहेर सांडेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उद्या कोणी बोललं तर ते बोलणं होईल, हार होईल. आज बारापर्यंत जो आधी बोलेल तो जिंकणार होता. वर्षातली ही एकच सकाळ अशी, आणि ओडेल ती घेऊन उघड्यावर येऊन बसला होता. उद्याची बस मात्र खरी होती. आज हायरम आला नाही तर उद्या ओडेल खरोखर त्या बसमध्ये चढणार, त्यात मला काडीचीही शंका नव्हती. तोही क्रॅबट्रीच होता.

चर्च सुटलं तसे लोक तिथून जाऊ लागले. ओडेल लहानपणी या खेळात सगळ्यांत चपळ होता, पण त्या दिवशी तो तोंड मिटून बसला होता. जो येईल तो ओरडायचा आणि ओडेल खिशात हात घालायचा. पाद्रीबुवा जिंकले. पाद्रीबुवांची म्हातारी सासू जिंकली, तिला मोतीबिंदू आहे, ती आधी खांबावर ओरडली आणि मग ओडेलवर. अक्रोड संपले, कांड्या संपल्या. शेरीफ आला तेव्हा ओडेलच्या खिशात एकच वस्तू दिसत होती, एक मोठं संत्रं.

"ते दे," शेरीफ म्हणाला.

"ते नाही. हे घ्या," म्हणत ओडेलनं उजव्या हाताचा लोकरी मोजा काढून दिला. शेरीफनं तो निमूटपणे घातला. त्याच्या बोटांत जेमतेम शिरला.

हळूहळू सगळे माझ्या खानावळीत जमले. खानावळ बंद होती, पण कोणी जाईना. सगळे खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत असल्यासारखं करत होते. अकरा वाजून गेले. हायरमचं दुकान बंद. चढावर कोणी नाही. कोणाचं तरी पोर म्हणालं, "तो नाहीच येणार," आणि आईनं त्याच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबला.

मग तो दिसला. सरळ रस्त्यानं चालत येत होता. त्या माणसाला नाताळच्या सकाळी रस्त्याच्या मधोमध चालताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. इतर वर्षी तो कुंपणाकडेनं सरपटत यायचा. अंगात रविवारचा काळा कोट होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. पाव तसेच अर्धवट टाकून आला होता.

तो चढावर होता तेव्हाच ओडेलनं त्याला पाहिलं. ओरडायला त्याच्याकडे वेळच वेळ होता. तो आपल्या बुटांकडे बघत बसला आणि ओठ इतके आवळून धरले की पांढरे पडले.

हायरम बाकासमोर येऊन थांबला. मी दार जरासं उघडलं, ऐकू यावं म्हणून. हायरमनं घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. कर्नल गेल्यापासून त्याला त्या माणसासमोर बोलायची सवयच राहिली नव्हती, आणि त्याच्याशी म्हणून तर अकरा वर्षं नव्हती.

"बोल की, मुडद्या," मी दाराआडून पुटपुटले.

"नाताळभेट," हायरम म्हणाला. ओरडला नाही. डॉक्टरला दुखतंय ती जागा सांगावी तसं म्हणाला.

ओडेलनं मान वर केली. खिशातून संत्रं काढलं आणि पुढे धरलं. "घे. जिंकलास."

हायरमनं त्याच्याकडे पाहिलं. "संत्रं नको."

"अकरा वर्षं एका संत्र्यासाठी थोबाड बंद ठेवलंस, आणि आता नको?"

"मी जिंकलोय. काय मागायचं ते मी ठरवणार."

"मग काय पाहिजे?"

"ती बॅग."

ओडेल बॅगेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नियम आहे. द्यावी लागणार."

"नियमच आहे," हायरम म्हणाला आणि खाली वाकून त्यानं बॅगेच्या मुठीला हात घातला. पोत्यानं खाद्य उचलणारा माणूस तो. जोर लावून उचलली. बॅग अशी भस्सकन वर आली की त्याच्या हनुवटीला लागली. आत काही नव्हतं. एक रुमालसुद्धा नव्हता. ओडेलनं अजून सामान बांधायला घेतलंच नव्हतं.

खिडकीत कोणी हललं नाही. शेरीफनं मोज्याचा हात तोंडावर धरला. हायरम हातातल्या बॅगेकडे बघत होता, मग ओडेलकडे बघायला लागला. ओडेलचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता हा हट्टी बैल काहीतरी बोलणार आणि सगळं मातीत घालणार. त्याला खोटेपणा आयुष्यात कधी खपला नव्हता.

हायरमनं बॅग हळूच खाली टेकवली. पुन्हा वाकला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि कण्हत, एका अंगावर कलून, ती वीतभर उचलली.

"काय रे भरलंयस एवढं?" तो म्हणाला. "धोंडे?"

ओडेलनं नाक पुसलं, मोजा नसलेल्या हातानं.

"एक बाजू धरू का?"

"धर. म्हातारा झालो मी. आणि चल लवकर, पाव करपतील."

ते निघाले. मध्ये बॅग, एकानं मूठ धरलेली, दुसऱ्यानं खालचा कोपरा. बोलत होते. काय ते ऐकू येत नव्हतं, पण ओडेल हात हलवत होता आणि हायरम मान, म्हणजे भांडणच चाललं होतं, आधी कोण ओरडलं त्यावरून. मी शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि मग ते पाद्रीबुवांच्या सासूला पुसायला दिलं. चढ लागला तिथं त्यांनी बॅग खाली ठेवली, दम खाल्ला, बाजू बदलल्या आणि पुन्हा उचलली. गिरणीपाशी आणखी एकदा टेकवली.